काळी चांदी आणि घाईचा प्रयोग

शालेय विज्ञान प्रदर्शनातील काही प्रयोग कधीच फसत नाहीत. त्यांतला एक सर्वांच्या परिचयाचा आहे. पातेल्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर काळी पडलेली चांदीची वस्तू ठेवायची, वर खाण्याचा सोडा भुरभुरायचा आणि कढत पाणी ओतायचे. दोन-तीन मिनिटांत वस्तू पांढरी होते, सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि मुले खूश होतात. खर्च नगण्य आणि परिणाम हमखास. आम्ही स्वतः शिक्षकांच्या शिबिरांत हा प्रयोग अनेकदा करून दाखवला आहे. तो ज्या पद्धतीने लिहिला, सांगितला आणि केला जातो तिच्याविषयी या लेखात आम्हाला तक्रार करायची आहे. त्या दोषात आमचाही वाटा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

निमित्त घडले ते असे. आमच्या एका शिबिराला येऊन गेलेल्या शिक्षिका एके दिवशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या आजोबांनी जमवलेली बावन्न चांदीची नाणी होती. वडिलांच्या पश्चात डबा त्यांच्याकडे आला होता. बहुतेक रुपये राणी व्हिक्टोरिया ते सहावा जॉर्ज या काळातले होते. त्यांच्यासोबत काही मराठेशाहीतले, हाताने ठोकून पाडलेले रुपये होते. बाईंनी नववीच्या मुलांकडून प्रदर्शनासाठी तीस नाणी उजळून घेतली होती. सोड्याच्या पाण्याने जी नीट पांढरी झाली नाहीत ती मुलांनी दंतमंजनाने घासली. वेळ संपला म्हणून बावीस नाणी तशीच राहिली. बाईंचा प्रश्न साधा होता : "यांच्यावर फारच डाग आहेत. ही कशी उजळावीत?"

आम्ही दोन्ही गट खिडकीजवळच्या उजेडात शेजारी शेजारी मांडले. बावीस नाण्यांपैकी प्रत्येकाविषयी काही ना काही सांगता येत होते. तीस नाण्यांपैकी बहुतेकांविषयी 'हे स्वच्छ आहे' यापलीकडे फारसे सांगता येत नव्हते. ज्या प्रयोगाने मुलांना चांदीचे रसायनशास्त्र शिकवले, त्यानेच त्या नाण्यांवरचे रसायनशास्त्र पुसून टाकले होते.

प्रयोगातले खरे आणि अर्धे खरे

प्रयोगामागचे तत्त्व निर्दोष आहे. चांदी नेहमीच्या तापमानाला हवेतील ऑक्सिजनशी सहजी संयोग पावत नाही. ती काळी पडते ती गंधकयुक्त वायूंमुळे, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडमुळे. हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग इतक्या अल्प प्रमाणात हा वायू असला तरी आर्द्रता आणि ऑक्सिजन यांच्या मदतीने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर हळूहळू चढतो. अ‍ॅल्युमिनियम हा चांदीपेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील धातू आहे. त्याच्यावरचे ऑक्साइडचे कवच सोड्याचे गरम पाणी दूर करते आणि मग तो इलेक्ट्रॉन सोडू लागतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असल्याने ते इलेक्ट्रॉन चांदीपर्यंत पोचतात आणि सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात येते. अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू खर्ची पडले की चांदीचे सहा अणू मोकळे होतात. विद्युतघट, क्रियाशीलतेची श्रेणी, ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे सारे एका पातेल्यात दिसते. इतका गुणी प्रयोग शाळेतून हद्दपार करा, असे आम्ही म्हणणार नाही.

तक्रार आहे ती त्याला जोडल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी : "घासण्याने चांदी झिजते, या पद्धतीत मात्र चांदी परत जागेवर येते, काहीच वाया जात नाही." पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धाच खरा. चांदी परत येते, पण जशी होती तशी येत नाही. टांकसाळीत ठशाच्या दाबाखाली धातू पसरतो तेव्हा नाण्याच्या पृष्ठभागावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे उजेडात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते ती या रेषांमुळे. सल्फाइड बनताना त्या रेषांमधलीच चांदी खर्ची पडते. ती परत मिळते ती सच्छिद्र, भुसभुशीत थराच्या रूपात. म्हणून असे नाणे पांढरे दिसले तरी निस्तेज दिसते. सच्छिद्र थराचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ते पुन्हा काळे पडते तेही लवकर.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'काळे पडलेले ते सिल्व्हर सल्फाइड' असे हा प्रयोग गृहीतच धरतो. जे सिद्ध करायचे तेच आधी मानून टाकलेले असते. नाण्यावरचा काळा थर मेणचट मळ असू शकतो, तापवल्यामुळे तयार झालेले तांब्याचे ऑक्साइड असू शकतो, किंवा जमिनीत पुरलेल्या नाण्यावर चढणारे सिल्व्हर क्लोराइड असू शकते. अनेक पाककृतींत, हो, पाककृतीच म्हणायला हवे, सोड्याबरोबर 'चिमूटभर मीठ' घालायला सांगतात. जुन्या नाण्याच्या भेगांत शिरलेले मीठ नुसत्या धुण्याने पुरते निघत नाही आणि मिश्रधातूतील तांब्याचे क्षरण आतल्या आत चालू ठेवते.

तिसरी उणीव शालेय पुस्तकांतून आलेली आहे. लोखंडाचा गंज, तांब्याचा हिरवा थर आणि चांदीचा काळा थर यांची उदाहरणे बहुधा एकाच परिच्छेदात येतात आणि परिच्छेद पूल, जहाजे व मोटारी यांच्या नुकसानीवर संपतो. मुलांच्या मनात समीकरण तयार होते : रंग बदलला म्हणजे धातू सडला. प्रत्यक्षात लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि खालचे लोखंड उघडे पाडतो. चांदीवरचा सल्फाइडचा पातळ थर मात्र धातूला चिकटून राहतो आणि पुढची वाढ मंदावतो. काळे पडणे आणि खराब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाण्याच्या बाबतीत तर पुष्कळदा काळेपणा निरुपद्रवी असतो आणि खरी इजा उजळण्यातून होते.

थोडे गणित

हे नुसते मत नाही, याचा हिशेब करता येतो आणि तो नववी-दहावीच्या वर्गात करण्याजोगा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाचे वजन १८३५ च्या नाणेपद्धतीपासून ११.६६ ग्रॅम ठरलेले होते आणि त्यात चांदी ९१.७ टक्के होती. व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ भरते सुमारे १४.६ चौरस सेंटिमीटर.

समजा, नाण्यावर ५० नॅनोमीटर जाडीचा सल्फाइडचा थर आहे. एवढा थर नाण्याला चांगलाच रंग आणतो. सिल्व्हर सल्फाइडची घनता ७.२ धरली तर थराचे वजन येते सुमारे अर्धा मिलिग्रॅम. त्यात चांदी ८७ टक्के. म्हणजे इतक्या 'नासाडी'त गुंतलेली चांदी अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी! आता तेच नाणे मंजनाने घासले आणि पृष्ठभागावरून केवळ एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, निघून गेला असे मानू. मिश्रधातूची घनता १०.३ धरली तर गेलेला धातू भरतो सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे थरातल्या चांदीच्या तीसपटीहून अधिक. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दरवर्षी रांगोळीने किंवा राखेने घासल्या जाणाऱ्या रुपयावरची राणी हळूहळू नाकाडोळ्याविना का होते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

डाग वाचायचा कसा?

'कशी उजळावीत' या प्रश्नाआधी 'काय झाले आहे' हा प्रश्न यायला हवा. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने पडणारा उजेड, सराफी तराजू आणि धीर एवढे पुरते.

प्रथम रंग. सल्फाइडचा थर पातळ असतो तेव्हा नाणे फिकट पिवळे दिसते. थर वाढला की तांबूस, मग जांभळट, मग निळे, आणि शेवटी करडे-काळे. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात त्याच कारणाने हे रंग दिसतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते. म्हणजे नाण्यावरचा रंग ही थराच्या जाडीची मोजपट्टीच आहे. हे रंग कडेकडून मध्याकडे एकातून एक सौम्यपणे उलगडत असतील, तर तो सावकाश झालेला, धोका नसलेला बदल समजावा.

मग आकार. डागाची कड रेखीव असेल तर तिथे काहीतरी टेकलेले होते. नाण्यांच्या चळतीला रबराचा पट्टा बांधून ठेवला तर रबरातील गंधकामुळे कडेवर काळी आडवी पट्टी उमटते. लोकरी किंवा नमद्याच्या अस्तरामुळे एकच बाजू काळी पडते. बोटाचा ठसा तर कित्येकदा रेषांसकट दिसतो. घामातील क्षार आणि स्निग्धांश तिथे राहिलेले असतात आणि कालांतराने तो ठसा धातूत कोरला जातो. म्हणूनच नाणे नेहमी कडेला धरावे.

हिरवा रंग दिसला की सावध व्हावे. चांदी हिरवी पडत नाही, तिच्यात मिसळलेले तांबे पडते. हिरवा थर कोरडा आणि खोलगट जागी असेल तर ते तांब्याचे क्षार. तो चिकट, तेलकट आणि सर्वत्र पसरलेला असेल तर नाणी कुठे ठेवली होती ते विचारावे. पारदर्शक खिशांचे जे मऊ प्लास्टिकचे संग्रह-वही प्रकार मिळतात, त्यांतले कित्येक पीव्हीसीचे असतात. त्या प्लास्टिकला मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि प्लास्टिकच्या विघटनातून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड तांब्यावर हल्ला करते. ही इजा थांबवायलाच हवी, कारण ती चालू असते. यावर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे बुडवून ठेवणे हा उपाय आहे. अ‍ॅसिटोन चिकट द्रव्य विरघळवते, धातूला हात लावत नाही. ते अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम मोठ्यांनीच, उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. नखांचा रंग काढायचे द्रव्य त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात.

आपल्याकडच्या नाण्यांवर आणखी एक प्रकार आढळतो आणि त्याचा क्षरणाशी संबंध नसतो : पूजेतील हळदकुंकू. अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेला लालसर-तपकिरी थर पाहून मुले 'गंज' म्हणतात. शुद्ध पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तिथे हलकेच टेकवावा. बोळा पिवळसर झाला तर त्या बोळ्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. तो लाल झाला तर ती हळद. चाचणी बोळ्यावर करायची, नाण्यावर नव्हे. हा एक नियम मुलांनी पाठ केला तरी पुष्कळ झाले.

इजा की घडण?

नाण्यावरची प्रत्येक खोड म्हणजे इजा नव्हे. काही गोष्टी नाणे जन्मतानाच घेऊन येते. यासाठी एक सोपी कसोटी आहे. नाण्यावरची रेघ खोलगट आहे की उठावदार, ते तिरप्या उजेडात पाहावे. ओरखडा नाण्याला पडतो तेव्हा धातू खणला जातो आणि दोन्ही काठांवर बारीक बांध उभा राहतो. चीर ठशाला पडलेली असते तेव्हा नाणे पाडताना धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उठावदार रेघ येते. पहिली इजा आहे, दुसरी टांकसाळीची नोंद.

मराठेशाहीतल्या रुपयांवर तर ही कसोटी पुढे न्यावी लागते. त्या काळी ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. त्यामुळे फारसी मजकुराचा एखादाच भाग नाण्यावर येई. 'अक्षरे झिजली आहेत' असे जे म्हटले जाते त्यातली कित्येक अक्षरे नाण्यावर कधी आलेलीच नसतात. कडेला दिसणारी चीरही पुष्कळदा घणाच्या घावाखाली धातू पसरताना पडलेली असते. छिन्नीचे किंवा छोट्या ठशाचे घाव दिसले तर ते सराफाचे असण्याचा संभव मोठा. आत तांबे नाही ना, हे पाहून सराफ नाण्यावर आपली खूण मारीत. ही नाण्याला झालेली इजा खरी, पण ते बाजारात फिरल्याचा तो दाखलाही आहे.

घासलेले नाणे ओळखणे सर्वांत सोपे. वापराने झिजलेल्या नाण्यावर उंच भाग, म्हणजे गाल, केस, मुकुट, गुळगुळीत होतात आणि अक्षरांच्या कुशीत काळोखी टिकते. घासलेल्या नाण्यावर मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा दिसतात आणि त्या अक्षरांच्या काठाशी येऊन थांबतात, कारण घासणारे बोट तिथे उचलले जाते. रासायनिक द्रवात बुडवलेले नाणे खोबणींतसुद्धा सारखेच पांढरे आणि मेलेल्या चमकेचे दिसते.

जुने रुपये वाजवून घेण्याची आपली रीत प्रसिद्ध आहे. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग तिच्यातूनच आला. पण फरशीवर आपटून पाहण्याची ही परीक्षा जुन्या नाण्यावर करू नये. कडेला घाव बसतो एवढेच नव्हे. शतकानुशतके जुनी चांदी ठिसूळ झालेली असू शकते. थॉम्प्सन आणि चटर्जी यांनी १९५४ साली जुन्या चांदीच्या नाण्यांच्या या ठिसूळपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याचा संबंध धातूतील अल्प शिसे स्फटिककणांच्या सीमांवर हळूहळू वेगळे होण्याशी जोडला. बाहेरून धड दिसणारे नाणे आतून फुटके असू शकते.

नादाऐवजी घनता वापरावी. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के अशी ती चार धातूंची मिश्रधातू होती. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, पण घनता कमी. दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवले तर जुना रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी बाजूला सारतो आणि १९४० नंतरचा सुमारे १.२२ ग्रॅम. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर हा फरक स्पष्ट कळतो. या नव्या रुपयांच्या झिजलेल्या उंच भागांवर तांबूस-पिवळी छटा दिसली तर ती घाण नव्हे, तो मिश्रधातूचाच रंग असू शकतो. मुलांनी उजळलेल्या तिसांत असे चार रुपये होते. त्यांचा तांबूसपणा जावा म्हणून ते सर्वांत जास्त घासले गेले होते. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. डब्यात चांदी म्हणून जपलेला असा एक रुपयाही निघाला.

बावीस नाण्यांची साक्ष

आता त्या न उजळलेल्या बावीस नाण्यांकडे वळू. त्यांतल्या सहा रुपयांवर एक सारखेपणा होता. सहाही रुपयांवर राणीच्या डोक्याच्या बरोबर वर, कडेलगत, तांदळाच्या दाण्याएवढा भाग बाकी नाण्याहून गडद होता. तिथले कडेवरचे दाते कानशीने घासलेले होते. आणि सहाही रुपयांची मागची बाजू दर्शनी बाजूपेक्षा खूपच जास्त झिजलेली होती. खिशात फिरणारे नाणे दोन्ही बाजूंनी सारखेच झिजते. एकच बाजू झिजली याचा अर्थ ती सतत कशावर तरी घासली जात होती, बहुधा कापडावर आणि अंगावर. गडद दाणा म्हणजे झाळकामाची जागा. झाळेच्या मिश्रधातूत चांदी कमी आणि इतर धातू जास्त, म्हणून ती वेगळ्या रंगाने काळी पडते. या सहा रुपयांना एके काळी कड्या होत्या. ते एका हारातले होते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आजीचा रुपयांचा हार होता असं आत्या सांगायची. दुष्काळात मोडून विकला म्हणायची."

हार मोडला होता हे खरे, पण सगळा विकला नव्हता. निदान सहा रुपये कोणीतरी कड्या काढून, कड कानशीने सारखी करून या डब्यात ठेवले होते. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला तो आम्हाला अपेक्षित होता : "मग त्या तिसांत किती असतील?" त्यांतल्या पाच रुपयांचे दाते त्याच जागी घासलेले आढळले. पण नाण्याची कड इतर कारणांनीही घासली जाते. गडद दाणा हा नक्की पुरावा होता आणि तो पांढरा झाला होता. मागच्या बाजूची झीज जुनी की दंतमंजनाची, तेही सांगता येईना. आम्ही "कदाचित पाच" एवढेच म्हणू शकलो.

या 'कदाचित'ला आमच्या शिबिरातले ते वाक्य जबाबदार आहे : काहीच वाया जात नाही.

मग प्रयोग कसा असावा?

प्रयोग ठेवावा, पण त्याची मांडणी बदलावी. आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली, वारशाची, पूजेची किंवा जुनी कोणतीही वस्तू या प्रयोगाला घेऊ नये. सराफाकडून चांदीच्या तारेचे बोटभर लांबीचे दोन तुकडे आणावेत. उकडलेल्या अंड्याच्या बलकासोबत ते झाकणाच्या बाटलीत ठेवून मुलांनी स्वतःच काळे करावेत. पिवळ्यापासून काळ्यापर्यंतचे रंग कोणत्या क्रमाने येतात त्याची वेळेनुसार नोंद ठेवावी. प्रयोगाचा हा पूर्वार्ध उत्तरार्धाहून अधिक शिकवतो, आणि पुस्तिकांतून तोच गाळलेला असतो.

दुसरी, एक तुकडा तुलनेसाठी तसाच राखून ठेवावा. दुसरा सोड्याच्या पाण्यात पांढरा झाल्यावर त्याची न काळवंडलेल्या तारेशी भिंगाखाली तुलना करावी. 'चांदी परत आली का?' याऐवजी 'परत आलेली चांदी पूर्वीसारखी आहे का?' असा प्रश्न फळ्यावर लिहावा. पांढरा केलेला तुकडा आणि कोरी तार पुन्हा बलकासोबत ठेवून कोणती आधी काळी पडते तेही पाहावे.

तिसरी, घरच्या जुन्या नाण्यांवर स्वतंत्र पाठ घ्यावा आणि त्यात एकही रसायन नसावे. प्रत्येक नाण्याला क्रमांक, दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे (हल्ली मोबाइलवर ती सहज निघतात), वजन, व्यास, डागांचा रंग आणि जागा, आणि शेवटी 'हे कशामुळे झाले असावे?' असा रकाना. या शेवटच्या रकान्यात एकाहून अधिक शक्यता लिहायला मुलांना उत्तेजन द्यावे. ज्या डब्यात, कापडात, कागदात नाणी होती त्याचीही नोंद करावी, तो टाकून देऊ नये.

चौथी, ज्या इजा चालू आहेत, म्हणजे चिकट हिरवा थर किंवा ओलसर भुकटी, त्या तेवढ्या वेगळ्या काढून जाणकाराला दाखवाव्यात. बाकीची नाणी कोरड्या जागी, एकमेकांना न टेकता, पॉलिएस्टरच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत. रबराचा पट्टा, लोकर आणि मऊ पीव्हीसी या तिघांना डब्याबाहेर ठेवले म्हणजे बरेचसे काम झाले.

कोणी म्हणेल, शाळेच्या चाळीस मिनिटांच्या तासात एवढे कसे जमायचे? उजळणे तीन मिनिटांत होते, निरीक्षणाला तीन तास लागतात, हे खरेच आहे. पण विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना त्यांतले कोणते शिकवण्यासाठी उभे असतो, याचा विचार आपणच करायला हवा. झटपट पांढऱ्या झालेल्या नाण्याने मुलाला कळते की आपल्याकडे उत्तर आहे. काळ्या नाण्याकडे बघत बसलेल्या मुलाला कळते की इथे प्रश्न आहे.

त्या तीस नाण्यांबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. झाळेचा धातू वेगळा असतो, तो पांढरा झाला तरी वेगळाच राहतो. कानशीने आणि मंजनाने तो पुरता गेला नसेल तर नाणी पुन्हा काळी पडताना ती जागा बाकी भागाहून वेगळ्या वेगाने रंग धरील. रबराच्या पट्ट्यांच्या आणि बोटांच्या खुणा काही परत येणार नाहीत, पण हाराच्या खुणा येण्याचा संभव आहे. म्हणून आम्ही बाईंना सुचवले की नाणी कागदाच्या पाकिटांत ठेवावीत, पुन्हा उजळू नयेत, आणि दर दिवाळीला त्या पाच रुपयांचे त्याच उजेडात, त्याच कोनातून छायाचित्र काढावे. नववीतल्या ज्या मुलांनी ती नाणी घासली होती त्यांनीच हे काम मागून घेतले आहे.